तीस तिथींचे काम

पावसाळा सरत आल्यावर घरातील एकूण एक वस्तू जागची हलवून, झाडून, धुऊन आणि उन्हाला दाखवून पुन्हा जागेवर ठेवण्याच्या वार्षिक कामाला महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत ‘दसरा काढणे’ असे म्हणतात. सणाचेच नाव कामाला पडावे, इतके हे काम त्या सणाशी बांधले गेले आहे. घटस्थापनेपूर्वी माळ्यावरची जळमटे निघत, भिंतींवर चुन्याचा हात फिरे, जमिनी सारवल्या जात आणि वाकळा-गोधड्यांची गाठोडी नदीवर किंवा ओढ्यावर धुण्यासाठी जात. घट बसल्यावर घरात उलथापालथ करू नये असा संकेत असल्यामुळे या कामाला एक ठाम शेवटची तारीखही आपोआप मिळत असे.

थंड देशांत हेच काम वसंतात होते, कारण तेथे घर हिवाळ्यात मिटलेले असते. इराणात नवरोजपूर्वीच्या सफाईला ‘खाने-तकानी’, म्हणजे घर झटकणे, असे नाव आहे. महाराष्ट्रात घर कोंदते ते पावसाने. चार महिन्यांच्या दमट हवेत भिंतींवर बुरशी धरते, कपड्यांना कुबट वास येतो, आणि गाद्या-उशांमध्ये माइट नावाचे, मिलिमीटरच्या सुमारे एक तृतीयांश लांबीचे अष्टपाद जीव वाढतात. या जीवांना पाणी पिता येत नाही. ते हवेतील बाष्प शोषून जगतात, आणि त्यामुळे हवेची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात असलेला वाटा, दीर्घकाळ 50 टक्क्यांच्या खाली राहिली की ते सुकून मरतात. मात्र दमा आणि सर्दीचा त्रास वाढवणारी त्यांची विष्ठा मागे उरते, म्हणून गाद्या उन्हात घालणे पुरेसे नसते. त्या झोडपाव्या लागतात आणि अभ्रे-चादरी धुवाव्या लागतात, आणि धुण्याचे पाणी 60 अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेले असेल तर उरलेसुरले माइटही त्यातून सुटत नाहीत. पाण्यात फोडलेला कळीचा चुना तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे त्यावर बुरशी सहज रुजत नाही, हे लक्षात घेतले तर जुन्या घरांतील वार्षिक सफेदी निव्वळ शोभेची नव्हती हे उघड होते.

आजच्या नोकरदार आईबापांची अडचण अशी की काम तेच राहिले आणि त्याची मुदत मात्र आक्रसली. घटस्थापना आश्विन शुद्ध प्रतिपदेला आणि लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला, म्हणजे या दोहोंत मिळून तीस तिथींचा पूर्ण चांद्रमास येतो. त्याआधीचा पितृपक्ष धरला तर दीड महिना हाताशी असतो. मुलांची सहामाही परीक्षा, कार्यालयातील तिमाहीअखेर आणि खरेदी यांत हा काळ निघून जातो, आणि शेवटी धनत्रयोदशीच्या आधीच्या एका रविवारी सगळे घर एकदम अंगावर घेतले जाते. एकत्र कुटुंबात दहा हातांनी पंधरवडाभर चालणारे काम दोन हातांनी एका दिवसात उरकण्याचा हा अट्टाहास पाठदुखी आणि भांडण यांपलीकडे फारसे काही देत नाही. सफाईसाठी नवी उपकरणे आणण्याआधी जुनी मुदत परत आणणे अधिक उपयोगाचे ठरते.

मुदत परत आणताना पंचांग आणि पर्जन्यमान यांचा मेळ मात्र दरवर्षी नव्याने घालावा लागतो. अधिक महिन्यामुळे सणांच्या इंग्रजी तारखा मागेपुढे होतात: 2023 मध्ये घटस्थापना 15 ऑक्टोबरला होती, तर 2025 मध्ये ती 22 सप्टेंबरलाच आली. भारतीय हवामान विभागाच्या सुधारित वेळापत्रकानुसार मुंबईतून नैर्ऋत्य मोसमी वारे परतण्याची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर आहे. म्हणजे काही वर्षी दसऱ्यापूर्वीच कडक ऊन मिळते, तर काही वर्षी घटस्थापनेआधी धुतलेली गोधडी चार दिवस पंख्याखाली आंबते. यासाठी कामाचे कोरडे आणि ओले असे दोन भाग पाडणे सोयीचे असते. कपाटे आवरणे, रद्दी काढणे, जळमटे आणि पंखे ही कोरडी कामे पितृपक्षात, रोज अर्धा तास देऊन, पाऊस असतानाही होतात. गाद्या, पडदे, रजया ही ओली कामे वारे परतल्यावर, ऑक्टोबरच्या चटक्याच्या उन्हासाठी राखून ठेवता येतात, मग दसरा उलटून गेला तरी हरकत नाही.

स्वयंपाकघराचा क्रम याहून वेगळा आहे, आणि बहुतेक घरांत तो चुकतो. डबे, कडधान्ये आणि फडताळातील फळ्या फराळाच्या आधीच निघायला हव्यात, कारण पावसाळ्यात किडलेले पीठ चकलीच्या भाजणीत जाऊन चालत नाही. पण ओट्यामागच्या फरशा, चिमणीची जाळी आणि एक्झॉस्ट पंखा आधी घासण्यात अर्थ नसतो, कारण चकल्या, शेव आणि करंज्या तळताना उडणारे तेलाचे सूक्ष्म थेंब दोन दिवसांत त्यांवर पुन्हा चिकट थर चढवतात. तेलकट थरावर धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, गरम पाण्यातून वापरला तर तो तेलाचा काही भाग साबणासारख्या, पाण्यात मिसळणाऱ्या पदार्थात बदलतो. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी चिंच वापरली जाते ती तिच्यातील टार्टारिक आम्ल धातूवरचा काळपट ऑक्साइडचा थर विरघळवते म्हणून. हल्ली सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढण्याचा जो प्रघात पडला आहे त्यात मात्र आम्ल आणि अल्क एकमेकांना मारून टाकतात, आणि फेस ओसरल्यावर साध्या पाण्याहून फारसे समर्थ काही उरत नाही. फेस म्हणजे स्वच्छता हा समज साबणाच्या जाहिरातींनी दृढ केलेला असावा.

लहान मुले असलेल्या घरात याहून गंभीर बाब दुसरीच आहे. ब्लीच म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रावात सोडियम हायपोक्लोराइट असते, आणि संडास धुण्याच्या बऱ्याच द्रावांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. बंद न्हाणीघरात ही दोन्ही एकापाठोपाठ ओतली की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. घाईच्या दिवशी ‘दोन्ही टाकले तर लवकर निघेल’ असे वाटणे स्वाभाविक असल्यामुळे हा अपघात नेमका मोठ्या सफाईतच संभवतो. डांबरगोळ्यांविषयीही असाच निष्काळजीपणा दिसतो. त्यांतील नॅप्थलीन, जी-6-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या रक्तपेशी फोडू शकते, आणि ही कमतरता बऱ्याचदा आधी ठाऊक नसते. म्हणून बाळाच्या दुपट्यांत आणि लोकरीच्या कपड्यांत त्या ठेवू नयेत. कपड्यांना आणि पुस्तकांना कसर लागू नये म्हणून वाळवलेला कडुनिंबाचा पाला किंवा वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवण्याची जुनी पद्धत आहे, मात्र ती पुरचुंडीही रांगत्या मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी.

हे सारे कोण करते, हा प्रश्न टाळून वेळापत्रक आखले तर ते कागदावरच राहते. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातील बिनमोल कामात सहभागी होणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटे देतात आणि सहभागी होणारे पुरुष 88 मिनिटे. 2019 मध्ये हेच आकडे 299 आणि 97 होते, म्हणजे पाच वर्षांत दोघांचाही वेळ घटला आणि अंतर जवळपास होते तेवढेच राहिले. गाडगेबाबांच्या (1876–1956) हातातील खराट्यापुढे नतमस्तक होणाऱ्या आणि 2000 पासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छतेची स्पर्धा घेणाऱ्या राज्यात रस्त्यावरचा झाडू पुरुषाच्या हाती शोभतो, पण घरातील केरसुणी मात्र अजून आईच्याच हाती सापडते. सफाईतील सर्वांत थकवणारा भाग झाडणे-पुसणे हा नसून काय, कधी आणि कोणी हे लक्षात ठेवणे हा असतो, आणि एखादी खोली बाबांकडे ‘मदत’ म्हणून न देता आठवणीसकट सोपवली तरच तो भाग वाटला जातो.

मुलांचा वाटा त्यांच्या वयाप्रमाणे ठरतो. मारिया माँटेसरींच्या पद्धतीत झाडणे, पुसणे, ओतणे अशा ‘व्यावहारिक जीवनाच्या’ कृतींना अभ्यासाचे स्थान होते आणि त्यासाठी मुलांच्या मापाचे झाडू असत. चार वर्षांचे मूल खेळणी रंगांनुसार टोपल्यांत घालू शकते, आठ वर्षांचे मोज्यांच्या जोड्या लावू शकते, बारा वर्षांचे स्वतःचे पुस्तकांचे कपाट रिकामे करून पुसू शकते. पंख्याच्या पात्यांवर उशीचा जुना अभ्रा चढवून धूळ आतल्या आत ओढून घेण्याची युक्ती मुलांना जादूसारखी वाटते, परंतु स्टुलावर चढणे आणि मेन स्विच बंद करणे ही मोठ्यांचीच कामे आहेत. मुलाच्या वस्तू त्याच्या अपरोक्ष टाकल्या की पुढच्या वर्षी ते कपाट उघडू देत नाही, हे अनेक घरांना अनुभवाने कळते.

घरकामाच्या मावशींकडून जादा काम करून घ्यायचे असेल तर त्याचे पैसे आधी ठरवून वेगळे द्यावेत. दिवाळीचा बोनस हा वर्षभराच्या कामासाठी असतो, माळा उतरवण्याचा मोबदला म्हणून नव्हे.

उरते ती अडगळ. पूर्वी जुने कपडे बोहारणीकडे जात आणि त्या बदल्यात पातेले किंवा डबा घरात येई. साडीच्या काठावरून चालणारी ती घासाघीस म्हणजे पुनर्वापराची एक पक्की व्यवस्था होती. पुण्यात कचरावेचकांनी 1993 मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभारली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था आकाराला आली. घरातून निघालेली रद्दी, काच आणि पत्रा वेगवेगळे बांधून दिले तर वेचणाऱ्यांचा हात कापत नाही आणि भावही बरा मिळतो. बंद पडलेले चार्जर, रिमोट आणि बॅटऱ्या मात्र या गाठोड्यात नकोत. 2023 पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे चार्जर-रिमोटसारख्या वस्तूंची जबाबदारी उत्पादकांवरही आहे, आणि या साऱ्या वस्तू नोंदणीकृत संकलनाकडेच जायला हव्यात.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बाजारातून शिंदीच्या पानांची नवी केरसुणी येते, तिला हळदकुंकू लावून लक्ष्मी म्हणून पुजले जाते, आणि त्याच रात्री उशिरा, अलक्ष्मीला बाहेर घालवण्यासाठी, सूप वाजवत तिने घर झाडण्याची रूढी आहे. फ्लॅटमध्ये सूप वाजवण्याची सोय उरलेली नाही, परंतु केरसुणी अजूनही येते, आणि बहुतेक घरांत पूजेनंतर ती दाराआड उभी राहते, कारण रोजचे काम आता प्लास्टिकचा झाडू करतो.