आठ फुटांची नाव

मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिक सोडलं की आधी ओझर लागतं, मग पिंपळगाव बसवंत आणि पुढे चांदवड. ओझरची ओळख विमानांची. १९६४ साली इथे आलेल्या एचएएलच्या कारखान्यात आधी मिग आणि पुढे सुखोई तयार झाली. आजूबाजूला द्राक्षबागा, वाघाड धरणाच्या कालव्याचं पाणी आणि ते पाणी आपापसांत वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था. चांदवड तालुक्याच्या वाट्याला मात्र टंचाई कायमची. त्याच तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात उतरला. त्या वर्षी या खेळातला भारताचा तो एकटाच प्रतिनिधी.

दत्तूचे वडील विहिरी खोदायचे आणि लेकानेही बापाबरोबर ते काम केलं. २०११ साली वडील गेले. पुढच्या वर्षी तो सैन्यात भरती झाला आणि वल्हं पहिल्यांदा हातात आलं ते पुण्यात, लष्करी गणवेशात. तिथून अवघ्या चार वर्षांत रिओ, आणि तिथे एकेरीत १३वा क्रमांक. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत, पालेमबांगला, आजारपणामुळे तो एकेरीच्या अंतिम फेरीत सर्वांत मागे राहिला. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत त्याने चौघांच्या नावेत सुवर्णपदक पटकावलं.

एवढं सांगायचं कारण असं, की नौकानयनाचा फार मोठा भाग पाण्यावर घडतच नाही. तो जमिनीवर, एका लांबट यंत्रावर घडतो. जगभरातले प्रशिक्षक खेळाडू निवडताना त्या यंत्रावरची दोन हजार मीटरची वेळ आधी विचारतात. नाव हलते, वारा फिरतो, जोडीदार वल्हं चुकवतो. यंत्रावर असली कुठलीच सबब चालत नाही. हेच रोइंग मशिन आता जिममधून उठून लोकांच्या हॉलमध्ये आणि गॅलरीत येऊ लागलं आहे. ओझरसारख्या गावाला ते सोयीचं आहे असं माझं मत. महामार्गाच्या कडेने पहाटे चालायला जाणं म्हणजे ट्रकच्या दिव्यांशी गाठ. थंडीत इथल्या निफाड तालुक्याचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, द्राक्षं वाचवायला बागांमधून शेकोट्या पेटतात, आणि मॉर्निंग वॉकचा निश्चय गोधडीतच विरघळतो.

यंत्राची कल्पना जुनी आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अथेन्सचा सेनानी काब्रियास नव्या वल्हेकऱ्यांना किनाऱ्यावरच लाकडी चौकटीवर बसवून शिकवायचा, अशी नोंद आहे. टायटॅनिकच्या व्यायामशाळेतही एक रोइंग मशिन होतं. पण आज घराघरांत येणारी जात अमेरिकेतल्या व्हरमाँटची. डिक आणि पीट ड्रायसिगॅकर हे दोघे भाऊ स्वतः वल्हवणारे. १९७६ पासून ते वल्ही बनवत होते. हिवाळ्यात तळी गोठली की नाव बंद. मग त्यांनी गोठ्यात एक सायकल उलटी करून जमिनीला ठोकली आणि तिच्या साखळीचं मोकळं टोक ओढून पाहिलं. त्यातून १९८१ साली ‘कन्सेप्ट टू’चं पहिलं मॉडेल बाजारात आलं. त्याचं चाक सायकलचंच होतं, वारा अडवायला त्यावर पाती लावलेली.

आजच्या यंत्रातही गाभा तोच. पुढे जाळीच्या डब्यात एक जड चाक, त्यावर पंख्यासारखी पाती. हँडल ओढलं की साखळी चाक फिरवते. सोडलं की सायकलच्या फ्रीव्हीलसारखं चाक आपलं आपण फिरत राहतं आणि आतली लवचीक दोरी साखळी गुंडाळून घेते. तुम्ही जितक्या जोराने ओढाल तितका वारा जास्त अडतो. त्यामुळे आजीला आणि पैलवान नातवाला तेच यंत्र चालतं, काही बदलावं लागत नाही.

जाळीच्या कडेला एक ते दहा आकड्यांची खटकी असते. तिला डँपर म्हणतात. नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो. नवा माणूस बसला की खटकी सरळ दहावर. दहावर आत हवा जास्त येते आणि ओढणं जड लागतं, म्हणजे वजनदार नाव ओढल्यासारखं, एवढाच त्याचा अर्थ. व्यायाम जास्त होतो असं मुळीच नाही. दोन ओढींच्या मधे चाक किती झपाट्याने मंदावतं हे मॉनिटर सतत मोजत असतो आणि त्यावरून तुम्ही किती काम केलं ते काढतो. म्हणून खटकी कुठेही ठेवा, त्याला फसवता येत नाही. सुरुवातीला तीन ते पाचच्या मधे ठेवावी.

मॉनिटरवरचा खरा आकडा म्हणजे पाचशे मीटरला लागणारा वेळ. हा आकडा फार कठोर असतो. वाऱ्याचा विरोध असा वाढतो की ताकद वेगाच्या घनात मोजावी लागते. पाचशे मीटरला अडीच मिनिटं लागत असतील तर तुम्ही साधारण १०४ वॅट काढता. तोच वेळ दोन मिनिटांवर आणायचा तर २०० च्या वर, म्हणजे जवळजवळ दुप्पट. अर्ध्या मिनिटासाठी दुप्पट! दोन हजार मीटरसाठी ऑस्ट्रेलियाच्या जोश डंकली-स्मिथने २०१८ साली ५ मिनिटं ३५.८ सेकंद घेतले होते. आपण आपले दहा मिनिटांच्या आत बसलो तरी सुरुवातीला पुष्कळ.

आता मुद्द्याचं. हे यंत्र हातांचं समजून लोक विकत घेतात आणि हातांनीच ओढून दमतात. खरं काम पायांचं आहे. पुढे सरकून बसलेले असता तेव्हा नडग्या उभ्या, हात सरळ, पाठ ताठ पण कंबरेतून किंचित पुढे झुकलेली. तिथून आधी फक्त पाय रेटायचे. हात दोरीसारखे सरळच. पाय जवळजवळ लांब झाले की कंबरेतून मागे झुकायचं आणि शेवटी, अगदी शेवटी, हँडल बरगड्यांखाली आणायचं. परतताना क्रम उलटा: हात, कंबर, मग गुडघे. गुडघे आधी उचलले की हँडल त्यांच्यावर आपटतं. नवशिक्यांची ही चूक दुरूनसुद्धा ओळखू येते, हँडल गुडघ्यांवरून कमान करत जातं.

आणि परतणं सावकाश. ज्यांनी मोट चालताना पाहिली आहे त्यांना हे पटकन कळेल. बैल धावेवरून जोराने खाली जातात, पण मागे येताना शांतपणे, पाऊल मोजत येतात. घाई केली तर मोट भरतच नाही. इथेही ओढायला एक मात्रा, परतायला दोन. मिनिटाला वीस-बावीस ओढी घरच्या माणसाला पुरेत. तीस-बत्तीसच्या वेगाने सीट मागे-पुढे धडपडवणाऱ्याचा मॉनिटरवरचा वेग बहुतेक वेळा वीसवाल्यापेक्षा कमीच असतो, कारण त्याच्या पायांना रेटायला वेळच मिळत नाही.

धावण्यासारखे गुडघ्यांना दणके बसत नाहीत आणि पाय, पुठ्ठे, पाठ, खांदे एकाच ओढीत कामाला लागतात, ही या यंत्राची जमेची बाजू. कंबर मात्र सांभाळावी लागते. थकल्यावर पाठीचा कणा गोल होतो आणि वल्हवणाऱ्यांची सर्वांत जास्त दुखणी तिथेच असतात. ज्यांची चकती सरकलेली आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्रावर पायांचे पट्टे बांधू नयेत. बाकीच्यांनी पाठ गोल व्हायला लागली की थांबावं, भले मॉनिटरवर तीनशे मीटर उरलेले असोत.

बाजारात चार तऱ्हा मिळतात. पंख्याचं यंत्र सर्वांत भरवशाचं, पण घोंघावतं. पहाटे फ्लॅटमध्ये लावलं तर शेजारी विचारायला येतील. चुंबकाचं शांत असतं, पण ओढ वाढवली म्हणून विरोध तसा वाढत नाही. पाण्याच्या टाकीचं दिसायला देखणं, आवाजही गोड; टाकीत शेवाळ होऊ नये म्हणून अधूनमधून गोळी टाकावी लागते. पिस्टनचं सर्वांत स्वस्त आणि लहान. त्याचं तेल तापलं की ओढणं हलकं होत जातं, म्हणून ते घेऊ नये असंच मी सांगेन.

देखभाल थोडकी आहे, पण ती करायलाच हवी. घामाने रुळावर काळपट थर बसतो, तो व्यायामानंतर ओल्या फडक्याने पुसला नाही तर सीट खडखडायला लागते. साखळीला साधारण पन्नास तासांच्या वापरानंतर तेल. शिलाई मशिनचं पातळ तेल कपड्यावर घ्यायचं, हँडल पूर्ण ओढून साखळीवरून फिरवायचं आणि जादाचं पुसून टाकायचं. गंज सोडवायचा स्प्रे मारू नये, तो वंगण धुऊन नेतो. जन्म कारखान्यात काढलेल्या ओझरकरांना हे सांगणं म्हणजे आगाऊपणाच. त्यातले काही जण साखळी बघताच खिशातून फडकं काढतील.

ट्रेडमिलवर कपडे वाळत घालतात. रोइंग मशिन फार बुटकं, त्यावर काही वाळत घालता येत नाही. लोक त्याचे दोन भाग करून भिंतीला उभे टेकवतात आणि विसरून जातात. पूर्ण लांबी आठ फूट आणि मागे झुकायला वर दोनेक फूट जागा लागते. पैसे भरण्याआधी हॉलमध्ये दहा फूट लांबीवर वर्तमानपत्रं अंथरून पाहावीत आणि मुख्य म्हणजे बाल्कनीचं दार उघडतंय का ते बघावं. यंत्र रोज उचलून ठेवावं लागणार असेल तर ते घेऊ नये. सायकल घ्यावी.