टाकीत काय, त्याआधी गाडीत किती?

पुण्यात सकाळी नऊच्या सुमारास कुठल्याही सिग्नलला आजूबाजूच्या मोटारींत नजर टाका. बहुतेकींत एकटा चालक दिसेल. शहरी प्रवासातल्या कार्बनचा मोठा हिशेब या रिकाम्या सीटांपाशी सुरू होतो. काही समजुतींमुळे तो चुकतो.

गैरसमज : बसच्या धुरापेक्षा माझी छोटी मोटार बरी.

वस्तुस्थिती : एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, डिझेलमधून सुमारे २.७ किलो. लिटरला १५ किलोमीटर जाणारी मोटार दर किलोमीटरला साधारण १५० ग्रॅम सोडते. लिटरला साडेतीन किलोमीटर जाणारी बस सोडते सुमारे ७७० ग्रॅम. पण बसमध्ये ४० जण असले, तर माणशी २० ग्रॅमही पडत नाहीत. सहावा प्रवासी चढला की एकट्याच्या मोटारीपेक्षा बस सरस ठरते.

गैरसमज : सीएनजी भरला, म्हणजे कार्बनचा प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : सीएनजीने काजळी खूप कमी होते आणि शहराच्या हवेला त्याचा खरा फायदा आहे. पण हा वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तोही जळून कार्बन डायऑक्साइडच होतो. तेवढ्याच ऊर्जेसाठी पेट्रोलपेक्षा साधारण पाचवा हिस्सा कमी, इतकेच.

गैरसमज : विजेची गाडी शून्य कार्बनची. किंवा याच्या उलट : वीज कोळशाचीच, मग फरक काय?

वस्तुस्थिती : दोन्ही चूक. आपली बहुतांश वीज अजून कोळशावर होते. एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. तरीही युनिटमध्ये तीसेक किलोमीटर जाणारी स्कूटर पेट्रोलच्या स्कूटरच्या निम्म्यावर येते. मोटारीत ही बचत कमी भरते, कारण एका माणसासाठी टनभर लोखंड हलवावे लागते. वीज आणि भरलेले डबे एकत्र आले, की खरा फरक पडतो. मुंबईने ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला विजेची लोकल सुरू करून हा मार्ग शंभर वर्षांपूर्वीच धरला.

गैरसमज : रस्ते रुंद केले की कोंडी आणि धूर दोन्ही कमी होतील.

वस्तुस्थिती : मोकळा रस्ता नव्या गाड्यांना बोलावतो. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ मध्ये रुंद झाला, सेवारस्ते धरून काही ठिकाणी २६ मार्गिकांचा. काही वर्षांतच गर्दीच्या वेळी तिथे पुन्हा खोळंबा होऊ लागला.

म्हणून नगरसेवकाकडे उड्डाणपुलाआधी बससाठी स्वतंत्र मार्गिका मागा, थांब्यापर्यंत चालता येईल असा पदपथ मागा. पुढची बस दहा मिनिटांत नक्की येणार, ही खात्री असेल तर तो सहावा प्रवासी मोटारीची किल्ली घरी ठेवून निघेल.