सगळ्या खात्यांचा एकच वायरलेस

पोलिस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका सेवा यांनी आपापला वेगळा वायरलेस न ठेवता एकाच बिनतारी जाळ्यावर बोलायचे, अशी व्यवस्था युरोपातील अनेक देशांनी गेल्या तीस वर्षांत उभी केली. ब्रिटनमध्ये तिचे नाव एअरवेव्ह, स्वीडनमध्ये राकेल आणि फिनलंडमध्ये विर्वे. देशभर पसरलेले असे जाळे फिनलंडने २००२ मध्येच पूर्ण केले. नॉर्वेतील जाळ्याला नोडनेट म्हणतात. या शब्दाचा अर्थच ‘आणीबाणीचे जाळे’.

त्याआधी प्रत्येक खात्याला रेडिओलहरींची मोजकी चॅनेल वाटून दिलेली असत. पोलिसांच्या सेटवर अग्निशमन दलाचे बोलणे ऐकू येत नसे. एकाच जळत्या इमारतीसमोर उभे असलेले दोन अधिकारी एकमेकांशी बोलायचे तर एक जण चालत दुसऱ्याकडे जाई, नाहीतर निरोप दोन नियंत्रण कक्षांमधून फिरून येई. शिवाय एका खात्याची चॅनेल तासन्‌तास रिकामी असताना शेजारच्या खात्याला बोलायला जागा मिळत नसे.

यावरचा तांत्रिक उपाय म्हणजे ट्रंकिंग. रिक्षाथांब्यावर कोणाची ठरलेली रिक्षा नसते. रांगेत जी पुढे असेल ती मिळते आणि प्रवासी उतरला की दुसऱ्यासाठी मोकळी होते. ट्रंकिंगमध्ये चॅनेलचे तसेच होते. सगळी चॅनेल एका साठ्यात असतात. शिपायाने सेटचे बटण दाबले की यंत्रणा त्या क्षणी मोकळे असलेले चॅनेल देते आणि बोलणे संपताच परत घेते. या देवाणघेवाणीला अर्धा सेकंदही लागत नाही. युरोपात यासाठी टेट्रा हे मानक वापरतात. त्यात २५ किलोहर्ट्झच्या एका पट्ट्यावर वेळेचे चार भाग पाडून चार संभाषणे एकाच वेळी चालतात. दिल्ली मेट्रोचे चालक आणि नियंत्रण कक्ष यांचे बोलणेही टेट्रावरच चालते.

जाळे एक असले तरी सगळ्यांना सगळे ऐकू येत नाही, आणि येऊही नये. सेट वापरणाऱ्यांचे गट पाडलेले असतात. एका पोलिस ठाण्याचा एक गट, एका अग्निशमन केंद्राचा दुसरा. मोठी दुर्घटना घडली की तिन्ही सेवांना एका सामायिक गटावर बोलावले जाते. सेटवर संकटाचे एक वेगळे बटण असते. ते दाबणाऱ्याला बाकीचे बोलणे थांबवूनही जागा मिळते. मनोऱ्याची लहर पोहोचत नाही अशा तळघरात दोन सेट मनोऱ्याशिवाय थेट एकमेकांशी बोलू शकतात. सेट आणि मोबाइल फोन यांत मोठा फरक आहे तो इथे.

हे सारे किती मोलाचे आहे, ते लंडनने दोनदा अनुभवले. १८ नोव्हेंबर १९८७ रोजी किंग्ज क्रॉस या भुयारी स्थानकात आग लागून ३१ माणसे गेली. चौकशी करणाऱ्या फेनेल यांच्या अहवालात भुयारातील रेडिओसंपर्काच्या उणिवा मांडल्या होत्या. पुढे ७ जुलै २००५ रोजी तीन भुयारी गाड्यांत आणि एका बसमध्ये स्फोट झाले. ५२ जणांचा बळी गेला. तेव्हाही भुयारात नीट चालणारा रेडिओ होता तो रेल्वेच्या पोलिसांकडे. इतर सेवांना खालून वर बोलायची खात्रीची सोय नव्हती. निरोप पोहोचवायला माणसे पळत वर आली आणि पळत खाली गेली. वर मोबाइलच्या जाळ्यांवर एवढा ताण आला होता की फोन लागणे मुश्कील झाले. मधल्या अठरा वर्षांत तंत्र अडले नव्हते. अडला होता निर्णय. लंडन असेम्ब्लीच्या समितीने २००६ मध्ये या दिरंगाईवर स्पष्ट ठपका ठेवला, आणि त्यानंतर एअरवेव्ह भुयारी स्थानकांत पोहोचले.

नॉर्वेची कहाणी अर्धवट कामाची आहे. नोडनेटची उभारणी टप्प्याटप्प्याने चालू होती. २२ जुलै २०११ रोजी ओस्लोत बॉम्बस्फोट झाला आणि पाठोपाठ उतोया बेटावर तरुणांच्या शिबिरावर गोळीबार झाला. दोन्ही मिळून ७७ जण मारले गेले. ओस्लोच्या पोलिसांकडे नवे डिजिटल सेट होते. उतोया ज्या पोलिस जिल्ह्यात येते, तिथे नोडनेट अजून पोहोचले नव्हते. ओस्लोहून निघालेले विशेष पथक आणि स्थानिक पोलिस यांनी भेटायचे कुठे, यावरूनच गोंधळ उडाला. देशभरचे काम पुढे डिसेंबर २०१५ मध्ये पूर्ण झाले. आता सुमारे दोन हजार मनोरे आहेत, आणि वीज गेली तरी निदान आठ तास चालतील अशा बॅटऱ्या त्यांना जोडलेल्या आहेत.

सेट एक झाला तरी भाषा एक होतेच असे नाही. अमेरिकेतील पोलिस अनेक दशके ‘टेन-कोड’ वापरत आले: ‘टेन-फोर’ म्हणजे निरोप मिळाला. पण एका गावात ज्या आकड्याचा अर्थ अपघात, त्याचाच शेजारच्या गावात दुसरा काही. जोवर प्रत्येक खाते स्वतःशीच बोलत होते, तोवर ते खपून गेले. सामायिक गटावर मात्र असा आकडा धोक्याचा ठरतो. म्हणून २००६ पासून, अनेक सेवा एकत्र येतात अशा घटनेत साधी बोलभाषाच वापरावी, अशी अट तिथल्या केंद्र सरकारने मदतनिधीला जोडली. मनोरा उभारण्यापेक्षा ही सवय मोडणे जास्त कठीण, आणि महत्त्वाचेही तेवढेच. कोणत्या प्रसंगी कोणी कोणत्या गटावर यायचे, आधी कोणी बोलायचे, हे वारंवार सराव करूनच अंगवळणी पडते.

सामायिक जाळ्याचे धोकेही सामायिक असतात. पूर्वी एका खात्याचा वायरलेस बंद पडला तर बाकीच्यांचा चालू राही. आता मुख्य केंद्र कोसळले तर सगळेच मुके होतात. म्हणून केंद्रे आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा दुहेरी ठेवाव्या लागतात. गुप्ततेचेही तसेच. २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी टेट्रातील टीईए-१ या सांकेतिक पद्धतीतील दोष उघड केला. तिची ८० बिटांची किल्ली प्रत्यक्षात ३२ बिटांइतकीच कमकुवत केलेली निघाली. साध्या संगणकानेही ती फोडता येते. युरोपातील पोलिसांची पद्धत टीईए-२ ही वेगळी असल्याने ते या दोषातून वाचले. पण सूत्रे गुप्त ठेवली म्हणजे यंत्रणा सुरक्षित झाली, हा समज त्याने खोटा ठरवला.

टेट्रावर आवाज उत्तम जातो, छायाचित्रे आणि चित्रफिती मात्र जवळजवळ जात नाहीत. म्हणून आता मोबाइलच्या चौथ्या पिढीचे तंत्र या कामासाठी वापरले जात आहे. अमेरिकेने २०१२ च्या कायद्याने फर्स्टनेट स्थापले. सेवोल बोट बुडून ३०४ जणांचा जीव गेल्यावर दक्षिण कोरियाने तशा जाळ्याला वेग दिला आणि २०२१ मध्ये ते देशभर पूर्ण केले. जुने बंद करून नव्यावर जाणे मात्र सोपे नाही. ब्रिटनने २०१९ च्या अखेरीस एअरवेव्ह बंद करण्याचे योजले होते. ती मुदत उलटून कित्येक वर्षे झाली, तरी तिथला पोलिस, बंबवाला आणि रुग्णवाहिकेचा चालक आजही एअरवेव्हवरच बोलतो.