तीस गुणांत आमच्या आजाराला जागा किती?

गेल्या पौर्णिमेला विहारातील वंदना आटोपून आम्ही बाहेर पडत होतो. पायरीशी एक माय प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून उभी होती. पिशवीत तिच्या मुलाचे दहा वर्षांचे दवाखान्याचे कागद होते. मुलगा आज एकोणीस वर्षांचा आहे आणि काठीशिवाय चालू शकत नाही. आम्ही तिथेच सतरंजीवर बसून कागद तारखेनुसार लावले. नवव्या वर्षी कावीळ. दहाव्या वर्षी संधिवात. बाराव्या वर्षी टायफॉईड. मध्ये दोनदा पुन्हा कावीळ. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या, त्याने फरक पडला नाही म्हणून पुन्हा लोहाच्याच गोळ्या. दुखणे वाढले की इंजेक्शन, सलाईन आणि घरी रवाना. अठराव्या वर्षी खुब्याचा सांधा निकामी झाला, तेव्हा कुणीतरी मेडिकल कॉलेजला पाठवले. तिथे रक्त तपासले आणि एका दिवसात निदान झाले: सिकलसेल, एसएस पॅटर्न.

त्या मायने आम्हाला एकच प्रश्न विचारला. "भाऊ, दहा वर्सं पोराले सुया देल्या, मंग एकाही डॉक्टरले कसं नाही कयलं? केस लागते का त्यायच्यावर?"

वकील म्हणून आम्ही तिला जे उत्तर दिले, ते देताना आमची मान खाली गेली होती. ते उत्तर वाचकांपुढे मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

कायदा काय सांगतो? १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता प्रकरणात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. परंतु जिथे सर्वांना सर्व सेवा मोफत मिळते, ते सरकारी रुग्णालय त्यातून वगळले. म्हणजे ज्याच्या खिशात पैसा नाही, त्याला ग्राहक मंचाचे दार बंद. खासगी दवाखान्याविरुद्ध जावे, तर २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाची कसोटी पुढे येते. डॉक्टर सर्वोत्तम असला पाहिजे असे कायदा म्हणत नाही. त्या पेशातील सर्वसाधारण डॉक्टरकडे जेवढे ज्ञान आणि कौशल्य असते तेवढे त्याच्याकडे असले, की तो निष्काळजी ठरत नाही.

वरवर पाहता हे न्याय्य आहे. पण त्याच्या पोटात काय दडले आहे ते पाहा. २०१० साली व्ही. किशन राव प्रकरणात मलेरियाच्या रुग्णावर टायफॉईडचे उपचार झाले, रुग्ण दगावली आणि सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाई कायम केली. कारण मलेरिया ओळखता आला पाहिजे, ही या देशात प्रत्येक डॉक्टरकडून अपेक्षा आहे. सिकलसेलचे काय? तालुक्यातल्या दहापैकी नऊ डॉक्टरांना तो ओळखता येत नसेल, तर दहाव्याचे न ओळखणे हा गुन्हा ठरवणार कसा? सर्वांचे अज्ञान हेच प्रत्येकाचे संरक्षण होऊन बसते! म्हणून आम्ही म्हणतो, ही लढाई एका डॉक्टरला कोर्टात खेचून जिंकता येणारी नाही. सर्वसाधारण डॉक्टरचे ज्ञानच वर उचलले पाहिजे. आणि ते उचलण्याचा मार्ग म्हणजे पदवी मिळाल्यानंतरचे डॉक्टरांचे निरंतर शिक्षण, ज्याला ते लोक सीएमई म्हणतात.

हा आजार कुणाचा? विदर्भात तो प्रामुख्याने आमचा आहे. पूर्वाश्रमीचे महार, गोंड, माडिया, परधान आणि तिकडे सातपुड्यात भिल्ल, पावरा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, अमरावती, नंदुरबार हे त्याचे जिल्हे. आणि तो नवीन नाही. शिकागोत डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली कोयत्याच्या आकाराच्या रक्तपेशींची नोंद केली. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत तो आढळला. मध्य भारतातील सिकलसेलवर १९५८ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात शोधनिबंध आला. बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली, त्यानंतरचे दुसरे वर्ष! म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ ही माहिती छापील स्वरूपात आहे. लंडनच्या ग्रंथालयात ती पोहोचली, पण शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचली नाही. वर "भारतातला सिकलसेल सौम्य असतो" असा समज वर्षानुवर्षे चालवला गेला. विदर्भातल्या रुग्णांच्या अभ्यासांनी तो सरसकट खरा नाही हे दाखवून दिले आहे.

आता डॉक्टरांच्या शिक्षणाकडे वळू. वैद्यकीय व्यवसायाच्या आचारसंहितेची २००२ ची नियमावली सांगते, की डॉक्टरने दर पाच वर्षांत किमान तीस तास निरंतर शिक्षण घ्यावे. महाराष्ट्रात नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तीस क्रेडिट गुण लागतात. हिशेब करा. पाच वर्षांत तीस तास म्हणजे महिन्याला अर्धा तास. तो अर्धा तास कोणत्या विषयावर खर्च करावा, यावर ही नियमावली काहीच बोलत नाही. गडचिरोलीतल्या डॉक्टरने पाच वर्षांत सिकलसेलवर एक तासही शिकला नाही, तरी त्याचे नूतनीकरण बिनबोभाट होते.

मग विषय ठरवते कोण? बहुतेक ठिकाणी बाजार ठरवतो. शहरातले मोठे हॉटेल, औषध कंपनीचा फलक, जेवण आणि मधुमेह, हृदयविकार, लठ्ठपणा यांवरची व्याख्याने. कंपन्यांच्या भेटवस्तू आणि प्रवासखर्चावर डिसेंबर २००९ मध्ये बंदी आली, मार्च २०२४ च्या संहितेने परदेशातील असे कार्यक्रमही रोखले. हे चांगलेच झाले. पण जो आजार गरिबाचा आहे, ज्याचे मुख्य औषध हायड्रॉक्सीयुरिया जुने आणि स्वस्त आहे, त्याच्या व्याख्यानासाठी हॉटेल कोण घेणार? बाजाराला ज्यात रस नाही, ते काम शासनाने करायचे असते. संविधानाचे अनुच्छेद ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य सांगते, ते याचसाठी.

म्हणून आमची मागणी साधी आहे. त्या तीस गुणांत आरक्षण द्या! आरक्षण म्हटले की नाक मुरडणाऱ्यांनी घाबरू नये. आम्ही कुणाची जागा मागत नाही. ज्या जिल्ह्यात जो आजार जास्त, त्या आजारासाठी तिथल्या डॉक्टरच्या तीस तासांतले फक्त चार तास मागतो.

चार तासांत काय शिकवता येईल? पुष्कळ. सहा महिन्यांवरच्या बाळाचे हात-पाय वारंवार सुजतात, कावीळ पुन्हा पुन्हा होते, हाडे दुखतात, लोह देऊनही रक्त वाढत नाही, तर सिकलसेलची शंका घ्या. सोल्युबिलिटी चाचणी ही केवळ चाळणी आहे. वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीनेच कळते. लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिल्याने जीवघेणा जंतुसंसर्ग मोठ्या प्रमाणात टळतो, हे अमेरिकेतील अभ्यासाने १९८६ मध्येच सिद्ध झाले. हायड्रॉक्सीयुरिया रक्ताची नियमित तपासणी ठेवून दिले, तर वेदनेचे झटके कमी होतात, हे १९९५ पासून माहीत आहे. छातीत दुखून धाप लागली तर नुसता न्यूमोनिया समजून थांबू नका, तातडीने वर पाठवा. आणि शिक्षण निरंतर का हवे, तेही पाहा. व्हॉक्सेलोटर नावाचे औषध २०१९ साली अमेरिकेत मंजूर झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने सुरक्षिततेच्या कारणावरून जगभरातून मागे घेतले. पदवीच्या वेळी शिकलेले आयुष्यभर पुरत नाही.

आणखी एक धडा वेदनेचा. त्या मायच्या मुलाला एका दवाखान्यात ऐकावे लागले होते, "नाटक करतो, याला इंजेक्शनची सवय लागली आहे." सिकलसेलच्या झटक्यात कधी कधी मॉर्फिन लागावे इतकी वेदना असते. पूर्वी कायद्याच्या कटकटीमुळे मॉर्फिन मिळत नसे. २०१४ साली अमली पदार्थविरोधी कायद्यात दुरुस्ती होऊन ती वाट सोपी झाली. कायदा बदलला, पण तो डॉक्टरपर्यंत गेला नाही. आणि ज्याच्या वेदनेवर विश्वास ठेवला जात नाही तो नेहमी वस्तीतलाच का असतो, हाही प्रश्न आम्ही विचारणारच.

शिकवून फरक पडतो का? पडतो. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये 'इको' हा उपक्रम सुरू केला. खेड्यातले आणि तुरुंगातले साधे डॉक्टर ठरावीक वेळी पडद्यावरून विद्यापीठातील तज्ज्ञांशी जोडले जात, आपले रुग्ण मांडत आणि त्यातून हिपॅटायटिस सी चा गुंतागुंतीचा उपचार शिकत. २०११ मध्ये ४०७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्यापीठात बरे झालेले ५७.५ टक्के, खेड्या-तुरुंगांत बरे झालेले ५८.२ टक्के! रुग्णाला शहरात न्यायची गरज पडली नाही, ज्ञान गावात आले. नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून कुरखेडा, भामरागड, धडगाव असे जोडायला अडचण कोणती? अडचण इच्छेची आहे.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे, तर चळवळीच्या वाचकांनी आणखी एक इतिहास लक्षात ठेवावा. ज्या ब्लॅक पँथरच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्या ब्लॅक पँथरने त्याच सुमारास वस्त्यावस्त्यांत सिकलसेलच्या मोफत चाचण्या सुरू केल्या होत्या. १९७२ मध्येच अमेरिकन सरकारला सिकलसेल नियंत्रणाचा कायदा करावा लागला. आपण त्यांचे नाव घेतले, त्यांचा संताप घेतला. हे काम मात्र घ्यायचे राहून गेले, हे आत्मपरीक्षण आपण केले पाहिजे.

मात्र तिथली चूक आपण करू नये. तिथे काही राज्यांनी सक्तीच्या चाचण्या केल्या आणि निरोगी वाहकांनाही नोकरी आणि विमा नाकारला गेला. आपल्याकडे ही वेळ लग्नात येते. 'एएस' कार्ड पाहून मुलगी नाकारली जाते. एएस म्हणजे आजार नव्हे. दोन्ही जोडीदार वाहक असतील तरच प्रत्येक गरोदरपणात एसएस बाळाची शक्यता चारात एक असते. हे जनुक कुठल्याही अशुद्धतेचे लक्षण नाही. वाहकाला मलेरियापासून काही संरक्षण मिळते, म्हणून ते टिकले, असे १९५४ पासून विज्ञान सांगते. आणि एकाच समूहात ते दाटून का राहिले? जातीचे मर्म जातिअंतर्गत विवाहात आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील निबंधात मांडले होते. जातीने आमच्या मनावरच नव्हे, रक्तावरही कुंपण घातले. हे समुपदेशन डॉक्टरला नीट करता आले पाहिजे, नाहीतर चाचणीच नवी अस्पृश्यता होईल.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सतरा राज्यांत सात कोटी लोकांच्या तपासणीचे आणि २०४७ पर्यंत निर्मूलनाचे लक्ष्य ठेवले गेले. आम्ही त्याचे स्वागत करतो. पण त्याचा भर आदिवासी भागांवर आहे. विदर्भातल्या बौद्ध वस्त्या त्यात कडेला पडू नयेत, हे पाहणे आपले काम आहे. आणि सात कोटी कार्डे वाटली, पण कार्ड वाचणारा डॉक्टर तयार केला नाही, तर ते कार्ड त्या मायच्या पिशवीतला आणखी एक कागद ठरेल.

तेव्हा कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. एक, माहिती अधिकार कायद्याखाली जिल्हा शल्यचिकित्सकांकडे अर्ज टाका: गेल्या पाच वर्षांत सिकलसेलवर किती प्रशिक्षणे झाली आणि त्यांना किती डॉक्टर हजर होते? दोन, हायड्रॉक्सीयुरिया आणि पेनिसिलिन कोणत्या केंद्रात किती महिने शिल्लक नव्हते, तेही मागा. तीन, ती आकडेवारी घेऊन चार तासांच्या मागणीचे निवेदन वैद्यक परिषदेला आणि आरोग्य खात्याला द्या. खेड्यातला मोठा भार आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांवर आहे, त्यांच्या परिषदांनाही सोडू नका. आपल्या समाजातले डॉक्टर आज शेकड्यांनी आहेत. पहिला वर्ग त्यांनीच घ्यावा.

त्या मायची केस आम्ही लावली का? डॉक्टरवर नाही. पण मुलाला दिव्यांग प्रमाणपत्र नाकारले होते, "सिकलसेलला ते मिळत नाही" असे सांगून. २०१६ च्या कायद्याने सिकलसेल दिव्यांगत्वाच्या यादीत घातला आहे, तो कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. चाळीस टक्के दिव्यांगत्व ठरले, तर उच्च शिक्षणातील पाच टक्के राखीव जागांचा हक्क मिळतो. नोकरीच्या आरक्षणात मात्र रक्ताच्या आजारांना अजून स्थान नाही, ती लढाई वेगळी. कायद्याची प्रत जोडून आम्ही अर्ज दिला आहे. तोही नाकारला, तर उच्च न्यायालयाचे दार आहेच.

बाबासाहेबांनी आम्हाला दिलेला पहिला शब्द 'शिका' हा आहे. आम्ही शिकलो. आता ज्यांच्या हाती आमच्या लेकरांचे रक्त आहे, त्यांनीही शिकावे, महिन्याला अर्धा तास तरी. जय भीम!