नवसागर आणि नवा सागर

(द्वितीय वर्ष, कला)

‘पाण्यात राहून माशांशी वैर करू नये’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. पण कधी कधी पाणीच माशाशी वैर करते, आणि तेसुद्धा अगदी नितळ, आरपार दिसणारे पाणी. घरात खाऱ्या पाण्याची नवी काचेची टाकी मांडली, की तिच्यात पहिला मासा सोडण्यापूर्वी ती साधारणपणे तीन ते सहा आठवडे बिनमाशाची चालू ठेवावी लागते. असे का करायचे, आणि त्या दिवसांत त्या रिकाम्या दिसणाऱ्या पाण्यात काय घडत असते, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

मी कलाशाखेचा विद्यार्थी. प्रयोगशाळेशी माझा तसा संबंध नाही. परंतु फीचा खर्च भागावा म्हणून गेले दीड वर्ष मी संध्याकाळी शोभेच्या माशांच्या एका दुकानात काम करतो. वडील होडीवर खलाशी, आई बाजारात मासळी विकते. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माशाशी आमचा संबंध तीन पिढ्यांचा, पण तो मासा पकडण्याचा, विकण्याचा आणि खाण्याचा. मासा जगवण्याची विद्या आमच्याकडे नव्हती. ती मला दुकानात शिकावी लागली.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. मासा जे खातो त्यातील प्रथिनांचा बराचसा टाकाऊ भाग तो अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतो, आणि तोही मुख्यतः कल्ल्यांवाटे. न खाल्लेले अन्न कुजले की त्यातूनही अमोनियाच निघतो. हा अमोनिया म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला रसायनशास्त्राच्या पुस्तकातून शिकवायला नको. मुशी शिळी झाली की नाकात झोंबणारा जो वास येतो, तो त्याचाच. मुशीच्या मांसात युरिया असतो, आणि ती मेल्यावर जीवाणू त्याचा अमोनिया करतात. समुद्र अफाट असल्याने तिथे माशाने सोडलेला अमोनिया कुठल्या कुठे विरून जातो. शंभर लिटरच्या टाकीत तो जाणार कुठे? तो माशाच्याच कल्ल्यांना भाजून काढतो. मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतो आणि दोन-चार दिवसांत मरतो. पाणी मात्र शेवटपर्यंत नितळच दिसते.

खाऱ्या पाण्यात हा धोका अधिक असतो. पाण्यातील अमोनियाचा काही भाग विषारी वायूच्या रूपात आणि बाकीचा त्यामानाने निरुपद्रवी अशा अमोनियम रूपात असतो. पाण्याचा सामू सात असेल आणि तापमान २५ अंश सेल्सियस असेल, तर शंभर भागांपैकी जेमतेम अर्धा भाग विषारी असतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.४ असतो, तिथे हेच प्रमाण दसपटीहून अधिक वाढते. गोड्या पाण्यात जेवढ्या अमोनियाने मासा नुसता मलूल होईल, तेवढ्याने खाऱ्या पाण्यात तो दगावू शकतो.

यावर उपाय निसर्गानेच करून ठेवला आहे. तो माणसाला कसा कळला, ती हकीकत मनोरंजक आहे. १८५० साली लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या तर पाणी न बदलताही टाकी चालते, असे प्रसिद्ध केले. टाकीत समतोल साधता येतो हे त्याने दाखवले, पण अमोनियाचे कोडे सुटले नाही. पुढे १८७७ मध्ये श्लेझिंग आणि म्यूंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडी भरलेल्या लांब नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. पहिले वीसेक दिवस काहीच घडले नाही. अमोनिया जसाच्या तसा बाहेर पडत राहिला. त्यानंतर मात्र तो नाहीसा होऊन त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले. ही क्रिया केवळ रासायनिक असती तर ती पहिल्याच दिवशी सुरू झाली असती. वीस दिवस थांबावे लागले, त्याअर्थी काहीतरी जिवंत वस्तू त्या वाळूत वाढत होती. खात्रीसाठी त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तर क्रिया थांबली. नंतर मातीचे पाणी घातले, तर ती पुन्हा सुरू झाली. नवी टाकी तयार होते ती नेमकी याच रीतीने. ही नळी म्हणजे जणू बिनमाशाची पहिली टाकीच होय!

गंमत अशी, की याच कामाचा पुढचा टप्पा इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे वॉरिंग्टनच्याच मुलाने गाठला. त्याचेही नाव रॉबर्टच. अमोनियाचे नायट्रेट एकदम होत नाही, मध्ये नायट्राइट नावाची पायरी असते, आणि या दोन पायऱ्यांवर काम करणारे जीव वेगवेगळे असतात, हे त्याच्या प्रयोगांतून पुढे आले. १८९० च्या सुमारास झुरिच येथे विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जीवाणू वेगळे करून दाखवले. नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही नावे त्या काळापासून चालत आली आहेत. अलीकडच्या संशोधनानुसार टाक्यांमध्ये दुसऱ्या पायरीचे काम बहुतांशी नायट्रोस्पायरा नावाचे जीवाणू करतात. नायट्रेट हा शेवटचा पदार्थ त्यामानाने बराच सौम्य असतो, आणि अधूनमधून थोडे पाणी बदलून तो कमी करता येतो.

हे जीवाणू कमालीचे सावकाश वाढतात. दुधाला संध्याकाळी विरजण लावले तर सकाळी दही तयार असते. साधा जीवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. आपल्या या जीवाणूंना मात्र त्यासाठी अर्धा दिवस ते एक दिवस लागतो. अमोनियापासून त्यांना मिळणारी शक्ती थोडी, आणि तेवढ्यावर स्वतःचे शरीर बांधायचे ते कार्बन डायऑक्साइडपासून. शिवाय ते मोकळ्या पाण्यात फारसे राहत नाहीत. दगड, वाळू आणि गाळणी यांच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. म्हणूनच दुसऱ्या टाकीतले नुसते जुने पाणी आणून ओतल्याने काम भागत नाही. तिथला दगड किंवा गाळणीतला स्पंज आणला, तर तो विरजणासारखा उपयोगी पडतो.

आता प्रत्यक्ष कृती. प्रथम पाणी. घरचे मीठ नळाच्या पाण्यात विरघळवले की समुद्र होत नाही. समुद्रातील क्षारांपैकी सुमारे ८५ टक्के भाग साध्या मिठाचा असतो; उरलेल्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट वगैरे येतात. मिठागरात मीठ बाहेर काढल्यावर जे कडवट पाणी मागे उरते, त्यात मॅग्नेशियमचा मोठा वाटा निघून जातो. म्हणून टाकीसाठी मुद्दाम बनवलेले मिश्र क्षार घ्यावेत. लिटरला ३५ ग्रॅम क्षार हे समुद्राचे प्रमाण. शंभर लिटरला साडेतीन ते चार किलो मिश्रण लागते. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आले की पाणी जमले. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी काढून टाकावे, नाहीतर ज्यांना वाढवायचे तेच जीवाणू मरतील. किनाऱ्याचे पाणी फुकट मिळते हे खरे, पण बंदरात त्यावर तेलाचा तवंग असतो आणि पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी ते पातळ झालेले असते.

पाणी, वाळू आणि दगड घालून पंप सुरू करावा. या जीवाणूंना प्राणवायू भरपूर लागतो, तेव्हा पंप रात्रंदिवस चालू हवा. तापमान २५ ते २८ अंश ठेवावे. मग जीवाणूंना खाद्य द्यायचे, म्हणजे अमोनिया घालायचा. त्यासाठी उत्तम पदार्थ म्हणजे अमोनियम क्लोराइड, अर्थात आपला नवसागर. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात ज्याची चिमूट टाकून पांढरा धूर काढतो, तोच हा. टाकीसाठी मात्र तो शुद्ध प्रतीचाच घ्यावा. कल्हईच्या नवसागरात काय मिसळलेले असेल याचा भरवसा नसतो. शंभर लिटर पाण्याला ०.६ ग्रॅमच्या आसपास टाकला, की लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया होतो. घाई म्हणून जास्त टाकू नये. लिटरमागे पाच मिलिग्रॅमच्या वर गेले, तर जीवाणूंचीच वाढ मंदावते.

त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी चाचणीच्या द्रावणाने पाणी तपासून आकडे वहीत लिहावेत. प्रथम नुसता अमोनिया दिसतो. आठ-पंधरा दिवसांत तो उतरू लागतो आणि नायट्राइट चढतो. हा काळ सर्वात लांबतो, आणि बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. मग एके दिवशी नायट्राइटही उतरतो आणि नायट्रेट वाढलेले दिसते. अमोनिया शून्यावर आला की जीवाणू उपाशी राहू नयेत म्हणून नवसागराची थोडी मात्रा पुन्हा द्यावी. मध्यंतरी वाफेने पाणी कमी झाले तर गोडे पाणीच भरावे, कारण वाफेबरोबर क्षार जात नाहीत. शेवटी परीक्षा घ्यायची : लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया टाकावा, आणि २४ तासांनी अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आले तर टाकी पास झाली!

पूर्वी नवसागराऐवजी मासाच वापरत. डॅमसेल जातीचा चिवट मासा नव्या टाकीत सोडायचा आणि त्याच्याच अमोनियावर जीवाणू वाढवायचे. समुद्राच्या पाण्यातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून सहजी आत शिरू देत नाही, त्यामुळे नायट्राइट तो बहुधा सोसतो. अमोनियापुढे मात्र त्याचे काही चालत नाही. तो जगला तर ठीक, मेला तर स्वस्तातला. दुकानात आजही गिऱ्हाईक टाकी आणि मासा एकाच दिवशी मागते. घरी मुलांनी हट्ट धरलेला असतो. ‘महिन्याने या’ म्हटले की ते दुसऱ्या दुकानात जाते, आणि त्या दिवसाच्या गल्ल्याचा हिशेब शेठ माझ्याकडे बघून करतात. त्यांचेही खोटे नाही. भाडे महिन्याच्या महिन्याला द्यावे लागते. एकदा घरी मी हे सगळे सांगत होतो. आई सुकट निवडत ऐकत होती. ती म्हणाली, “मेलेला मासा विकायचा हा माझा धंदा, त्यात मला लाज नाय. पण मरायला मासा विकायचा, ह्यो कसला रं धंदा?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून टाकी नेणाऱ्याला मी एका कागदावर वर दिलेली कृती लिहून देतो आणि माशाच्या जागी नवसागराची पुडी देतो. काही गिऱ्हाइके तुटली. जी परत आली, त्यांचे मासे जगले. आणि ज्याचा मासा जगतो तो दुसरा मासा घ्यायला येतो, हे आता शेठही कबूल करतात.

आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. १९६१ साली इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत दगड, म्हणजे जीवाणू आणि बारीक जीव अंगावर असलेले प्रवाळखडक, टाकीत ठेवून ती चालवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पद्धत उत्तम आहे. परंतु आपल्या देशात २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार संरक्षण आहे. तेव्हा मालवणला फिरायला गेलेल्यांनी पाण्यातून प्रवाळ उचलून आणू नयेत. कोरडा सच्छिद्र दगड आणि थोडा धीर यांवर काम उत्तम भागते.

टाकी तयार झाली की बरेचसे पाणी बदलून साठलेले नायट्रेट कमी करावे आणि एकच मासा, फार तर लहानांची एक जोडी सोडावी. कारण जीवाणूंची संख्या मिळणाऱ्या खाद्यापुरतीच असते. एकदम दहा मासे सोडले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत, पाणी तपासावे, मगच पुढचा मासा घ्यावा.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिला, म्हणून या पहिल्या माशाकडे माझे जरा अधिकच लक्ष जाते. टाकी पाहायला आलेले लोक त्याचे रंग पाहतात. त्याच्या आधी महिनाभर दगडावाळूत कोण राबत होते, ते कुणाला दिसत नाही. आमची होडी पहाटे तीनला सुटते, आणि आई पाचला बंदरावर असते. असो. वाचकांपैकी कुणी टाकी मांडणार असेल, तर त्याने पहिल्या दिवशी मासा न घेता एक वही घ्यावी आणि तिच्या पहिल्या ओळीवर तारीख लिहावी.