मालक नाही, म्हणून रजाही नाही?

नोकरदार स्त्रीला बाळंतपणाची पगारी रजा मिळते. पण भाजीची पाटी घेऊन दारोदार फिरणाऱ्या, घरी शिलाई मशीन चालवणाऱ्या, जेवणाचे डबे पुरवणाऱ्या भगिनीचे काय? तिला ना मालक, ना हजेरीपट. रजेचा अर्ज तिने करावा तरी कोणाकडे?

२०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. हा लाभ मुख्यतः कारखाने आणि दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता आहे. आता भाजीवालीचा हिशोब मांडू. समजा, तिच्या हाती दिवसाला २०० रुपये उरतात. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. तेवढे दिवस ती घरी राहिली तर ३६,४०० रुपये बुडाले! म्हणून ओली बाळंतीण पुन्हा पाटी उचलते. नवरा रिक्षा चालवत असेल तर त्यालाही घरी थांबणे परवडत नाही.

यावरचा विचार जुनाच आहे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे आणि लोककल्याण हे सरकारचे काम असल्याने या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये कायदा झाला, तो कारखान्यातील स्त्रियांसाठी. जिला मालकच नाही, तिच्या बाबतीत तर सरकारशिवाय भार उचलणार कोण?

२०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता स्वयंरोजगार करणाऱ्यांना असंघटित कामगारांत धरते आणि त्यांच्यासाठी प्रसूती लाभाच्या योजना आखण्याची जबाबदारी केंद्रावर टाकते. या योजनेत बुडालेल्या कमाईची भरपाई हवी, ही आपली मागणी असली पाहिजे.

तोवर हाती आहे ते सोडू नका. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी दोन हप्त्यांत ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. अनुसूचित जातीच्या तसेच ई-श्रम कार्ड असलेल्या भगिनी त्यास पात्र आहेत. वरच्या हिशोबाने ५,००० म्हणजे फक्त २५ दिवसांची कमाई. तरी ती हक्काची आहे. दिवस राहताच अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडे नाव नोंदवा, आधार जोडलेले बँक खाते तयार ठेवा. आणि शेजारच्या भाजीवालीलाही सोबत न्या.