जीव जडला, तरी डोळे उघडे



आज आठवण काढू या मेरी स्टुअर्ट या इंग्रज लेखिकेची. जन्म १९१६चा, संडरलंड गावचा. आधी त्या डरहॅमला शिकवत. पुढे कादंबऱ्या लिहिल्या, घरोघरी वाचल्या गेल्या. २०१४ साली, वयाच्या ९७व्या वर्षी त्या गेल्या.

त्यांच्या गोष्टींत प्रेमही असतं आणि रहस्यही. ज्याच्यावर जीव जडला, तोच तर गुन्हेगार नाही ना? ही शंका पाठ सोडत नाही, म्हणून पुस्तक खाली ठेववत नाही.

पण वाचक बायकांना जास्त आठवतात त्या त्यांच्या नायिका. साध्या, कमावत्या, आपल्या डोक्यानं चालणाऱ्या.

१९५८ सालच्या ‘नाइन कोचेस वेटिंग’मधली लिंडा बघा. ही अनाथ मुलगी फ्रान्समधल्या एका मोठ्या वाड्यात नऊ वर्षांच्या फिलिपला सांभाळायला येते. फिलिपही पोरका, पण इस्टेट त्याच्या नावावर. त्यासाठी घरचेच त्याच्या जिवावर उठलेत, हे लिंडाला कळतं. त्याच घरातल्या राउलवर तिचं प्रेम असतं. तोही कटात आहे का? तिला ठाऊक नाही. विचारत बसायला वेळ नाही. राउलला न सांगता ती रात्रीच पोराला घेऊन वाड्याबाहेर पडते.

तिचं प्रेम खोटं नव्हतं. पण आधी लेकराचा जीव, मग आपलं मन, हे तिनं ठरवलं.

पुढचं सांगत नाही, रहस्यच संपेल! लिंडाच्या जागी तुम्ही असता, तर राउलला सांगितलं असतं का? गटाच्या बैठकीत यावर जरूर बोला.